मसाला सुनेचा, मग खिचडी कुणाची?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं, वय ५४. याहून जास्त ओळख सांगत नाही. पत्र चार पानांचं आहे, त्याचा गोषवारा असा:

मुलगी २७ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याला गेली. मुलगा नाशिकला, सून रत्नागिरीकडची, दोघंही नोकरीत. मागच्या महिन्यात मुलीला ताप आला होता, तेव्हा तिनं फोनवर लिहिलं, ‘आई, मी आजारी पडल्यावर तू करायचीस ते सगळं एकदा लिहून पाठव ना. आणि आपल्या मसाल्याचं प्रमाणही.’ ताई वही घेऊन बसल्या. ८२ वर्षांच्या सासूबाईंनी विचारलं, काय लिहितेस? सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मसाला घरना शे, घरमाच ऱ्हावाले जोयजे. आंडेर परका घरनी.” म्हणजे, मसाला घरचा आहे, घरातच राहायला हवा; लेक परक्या घरची. मसाला सासूनं सुनेला द्यायचा, असा त्या घरचा रिवाज. सुनेला दोनदा विचारलं तर ती म्हणाली, ‘आई, आम्हाला पाकिटातला चालतो.’ जिला हवा तिला देता येत नाही, जिला द्यायचा तिला नको. सासूबाईंना न सांगता पाठवावं का? ताईंची बहीण म्हणते, एखादा जिन्नस गाळून पाठव, म्हणजे सासूचा शब्दही राहील आणि पोरीचं मनही. काय करावं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. चार पानांतली सव्वातीन पानं मसाल्याची आहेत. मुलीनं मात्र मसाला ‘आणि’च्या पुढं टाकलाय. तिनं आधी मागितलंय ते तापातलं जेवण, आणि ते काय होतं याला तुमच्या पत्रात एक ओळ मिळाली आहे: “तेच आपलं, खिचडी, फुनके-कढी, शिकरण.” तेच आपलं! अंगात ताप घेऊन पुण्याच्या फ्लॅटमध्ये पडलेल्या पोरीला शेवभाजीची तर्री आठवत नाही हो, तिला हेच आठवतं. आणि या तिन्हींत तुमचा तो मसाला चिमूटभरही पडत नाही. म्हणजे घरात अबोला धरायला लावणारं भांडण एका गोष्टीवरून चाललंय आणि पोरगी दुसरीच गोष्ट मागत्येय. या तीन पदार्थांकडं मी येणारच आहे. पण झोप मसाल्यानं उडवलीय, तर आधी तोच घेऊ.

सासूबाईंच्या म्हणण्याला हसू नका. आपल्याकडं काही अन्न खरोखरच उंबऱ्याबाहेर जात नाही. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा आमच्या घरी एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, आणि त्याचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात. बाहेरच्याला घास द्यायचा नाही. लहानपणी मैत्रिणीला लपवून एक तुकडा दिला म्हणून मी आजीच्या हातचा मार खाल्लेला आहे. ज्या बाईचं आयुष्य असे नियम पाळण्यात गेलं, तिला मसालाही त्याच डब्यात ठेवावासा वाटला तर त्यात कंजुषी नाही.

फक्त, रोट देवीचे असतात. मसाला देवीचा नाही. आणि ‘परक्या घरची’ हा निकष लावायचाच म्हटलं, तर मसाल्याचा डबा निम्मा रिकामा होईल. लाल मिरची पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली. लवंग मुळातली इंडोनेशियाच्या बेटांवरची, दालचिनी श्रीलंकेची, खोबरं किनारपट्टीचं. तापीकाठी यातलं काय होतं, ते तुम्हीच सांगा. हे सगळं परक्या घरचं एकत्र नांदलं म्हणून तर तो काळा मसाला झाला. (हे वाक्य सासूबाईंना ऐकवू नका. पत्रातून ऐकवलेलं शहाणपण सासूला कधी पचत नाही.)

दुसरं एक तुमच्याच पत्रात आहे, तिसऱ्या पानाच्या तळाशी. यजमानांचं पित्त वाढल्यापासून तुम्ही लवंग निम्म्यावर आणली, मिरची बदलली, धने वाढवले. मग सासूबाईंचा मसाला तुमच्या घरात आज आहेच कुठं? आहे तो तुमचा. त्यांच्या सासूचा मसालाही त्यांनी असाच थोडा हलवला असणार, माहेरची आठवण येऊन एखादा जिन्नस सरकवला असणार. एकदा विचारून बघा, ‘आई, तुमच्या माहेरी काय वेगळं घालायचे?’ विचारून मग गप्प बसा. त्यांना बोलू द्या.

प्रमाण बाहेर गेलं की चव बाहेर जाते, या समजुतीवर तुमचं सगळं घर उभं आहे. मला ती पटत नाही. आपलं भरीत बघा. हिरवट, कमी बियांची वांगी टोचून काड्यांच्या जाळावर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची, मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, तेल. यात गुपित काय उरलंय? जळगाव-भुसावळकडं थंडीतल्या शेतातल्या भरीत पार्टीत कुणीही उभ्याउभ्या सांगेल. २०१६ साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही वांग्याला, कृतीला नाही. कृती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी हिवाळ्यात लोक बामणोद-भालोदचं वांगं शोधत येतात. सांगितल्यानं काय कमी झालं?

मग सासूबाई काय जपतायत? तुम्हीच लिहिलंय: “मसाल्याच्या दिवशी त्या ओसरीत येऊन बसतात, खोबरं किती काळं झालं ते वासावरून सांगतात. एरवी आता स्वयंपाकघरात येत नाहीत.” वर्षाचे ३६४ दिवस ज्या बाईला कुणी काही विचारत नाही, तिला एक दिवस सगळं घर विचारतं. ते प्रमाण फोनमध्ये गेलं की तो एक दिवसही गेला, असं त्यांना वाटत असणार. तसं त्या म्हणणार नाहीत. ‘आंडेर परका घरनी’ म्हणणं सोपं.

आता तुमचे मार्ग. न सांगता पाठवणं मला नको वाटतं, आणि त्यामागं काही मोठं तत्त्व नाही. अशी गोष्ट लपत नाही, एवढंच. दिवाळीत मुलगी कौतुकानं म्हणेल, ‘आजी, तुझ्यासारखाच मसाला केला बघ,’ आणि पुढचे सहा महिने तुम्ही भोगाल.

जिन्नस गाळायचा बहिणीचा सल्ला त्याहून वाईट आहे. हा प्रकार आपल्या बायकांत जुना आहे, मला त्याची चीड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. लग्नानंतर शेजारच्या एका काकूंकडून मी बट्टी शिकले. जाडसर दळलेले गहू, मूठभर मका, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्या बट्ट्या हातानं दाबल्या तरी भुगा व्हायच्या, माझ्या पाट्यावर फोडाव्या लागायच्या. सात वर्षं मी समजत होते, आपल्या हातालाच चव नाही. घरचेही तसंच समजत होते आणि वरणात बुडवून मुकाट चावत होते. मग एका लग्नघरात काकूंच्या मागं उभी होते, तेव्हा दिसलं की त्यांनी पुडीतून खायचा सोडा काढून पिठात टाकला. मला त्या छातीठोकपणे सांगत आल्या होत्या, “आम्ही सोडा घालतच नाही.” सोड्यानं काही कुणाचं राज्य जाणार नव्हतं. माझी सात वर्षं मात्र गेली. तुमची मुलगी पुण्यात एकटी मसाला भाजेल, चव जुळणार नाही, आणि ती तुमच्यावर नाही, स्वतःवर शंका घेईल. द्यायचं नसेल तर ‘देत नाही’ म्हणा. अर्धं देऊ नका.

मधला एक मार्ग आहे: प्रमाण देऊ नका, मसाला द्या. वर्षाचा किलो-दीड किलो करून डबा भरून पाठवा. सासूबाईंचा शब्द राहतो, पोरीची भाजी होते. बऱ्याच घरांत हेच चालतं आणि त्यात वाईट काही नाही. अडचण इतकीच की तुमचे हात चालतायत तोवरच हा मार्ग चालतो. हे तुम्हालाही कळतं, म्हणून तर वही काढून बसलात.

मला विचाराल तर आखाजीची वाट बघा. फार लांब नाही. अक्षयतृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, हे सासूबाईंच्याच जगातलं आहे. यंदा मसाला आखाजीला धरून करा. मुलीला दोन दिवस आधी बोलवा आणि खोबरं भाजायला तिलाच बसवा, आजीच्या समोर. कागद नको, फोन नको. आजी ओरडेल, ‘जळालं, काढ,’ पोरगी काढेल. आपल्या हातानं शिकवताना माणूस देत असतो, त्याला आपलं काही गेलं असं वाटत नाही. आणि आखाजीला आलेल्या लेकीला ‘तू परक्या घरची’ म्हणणारी म्हातारी मी तरी पाहिलेली नाही.

त्यातूनही त्या नाही म्हणाल्या, तर तुमचा बदललेला मसाला तुम्ही द्या, आणि त्यांना सांगून द्या. “आई, तुमचा आहे तो तुमच्यापाशी राहू दे. मी करते तो मी तिला देत्येय.” परवानगी मागणं वेगळं आणि सांगणं वेगळं. चोपन्नाव्या वर्षी तुम्हाला सांगण्याचा अधिकार आहे.

आता एक माणूस पत्रात सापडला नाही. तुमचा मुलगा. सासूबाई लेकीला नाही म्हणतात, सून नको म्हणते, तुम्ही मध्ये अडकलात, आणि तो नाशिकला बसून काय खातो याची अख्ख्या पत्रात नोंद नाही. सासूबाईंच्याच कायद्यानं बघा, मसाला घरातच राहायचा तर घरचा तो आहे. रोटांसाठी त्याच्या नावानं मूठ निघते, पण त्याचा हात कधी पिठात गेलाय का? आखाजीला त्यालाही बोलवा. खलबत्ता जड असतो, तेवढ्यासाठी का होईना.

आणि सूनबाई. ‘पाकिटातला चालतो’ हे उत्तर तुम्हाला टोचलं. पण दिवसभर नोकरी करून येणारी मुलगी ते उद्धटपणानं म्हणाली असेल असं मला वाटत नाही. ती रत्नागिरीची. ती आजारी पडायची तेव्हा तिच्या आईनं काय दिलं असेल? माझा अंदाज, कुळथाची पिठी आणि मऊ भात. तुमच्या पत्रात तिच्या माहेरचा एकही पदार्थ नाही. तिसऱ्यांदा मसाला घे म्हणण्याआधी एकदा पिठी कशी करतात ते विचारा, आणि खरोखर करा. कृती मागितली की माणूस जवळ येतो, हे तुम्हाला मुलीच्या निरोपावरून कळलंच आहे.

आता वही. मसाल्याला आखाजीपर्यंत वेळ आहे, बाकीच्याला नाही. तुमच्यासारख्या बऱ्याच जणींची पत्रं येतात की आम्ही सगळं अंदाजानं करतो, लिहायचं कसं? हाताला जे कळतं ते तोंडाला सांगता येत नाही, हे खरंच आहे. एक युक्ती सांगते. पिठा-डाळीचा डबा वजनकाट्यावर ठेवायचा, नेहमीसारखं मुठीनं घ्यायचं, आणि डबा किती हलका झाला ते टिपायचं. मूठ मोडावी लागत नाही, आकडा मिळतो. वाटीनं लिहिणार असाल तर कुठली वाटी ते सांगा, किंवा तीच वाटी पाठवून द्या. ‘मीठ चवीपुरतं’ लिहायला हरकत नाही, पण ‘पाणी लागेल तसं’ लिहू नका. नवशिक्या पोरींचं घोडं तिथंच अडतं. आणि लिहून झालं की शेजारच्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला वाचून करायला सांगा, तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथं मान वर करून तुमच्याकडं बघेल, तिथं तुमच्या लिहिण्यात भोक आहे.

खिचडी कशी लिहायची ते बघा. तापातली खिचडी म्हणजे एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ, आणि सहा वाट्या पाणी. सहा, तीन नाही. कुकरच्या चार-पाच शिट्ट्या, मग डावानं घोटायची. तुपात तीन-चार लसूणपाकळ्या लालसर करून वरून ओतायच्या. हे झालं प्रमाण. पण तुमची मुलगी विचारणार, तू ती ताटात पसरून का द्यायचीस? तर लवकर निवावी म्हणून, आणि कडेकडेनं खाता यावी म्हणून. हेही लिहा. ताप उतरल्यावरची, म्हणजे आपली रोजची रात्रीची, ती तूरडाळीची: शेंगदाणे, लसणाची झणझणीत फोडणी, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, सोबत भाजलेला उडदाचा पापड. दोन्हींना तुम्ही ‘खिचडी’च म्हणता. तिला कुठली हवी ते ती सांगू शकणार नाही, म्हणून दोन्ही लिहा.

फुनके पुण्यात अगदी जमतात. वाटीभर तूरडाळ चार-पाच तास भिजवायची, निथळून जाडसर वाटायची, आणि वाटताना पाणी नाही म्हणजे नाही. मिक्सर फिरत नसेल तर थांबवून चमच्यानं हलवायचं. चार-पाच हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूणपाकळ्या, जिरं, कोथिंबीर, हळद, मीठ, चमचाभर तेल. मुठीत वळून लांबट गोळे करायचे आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. सुरी खुपसली तर कोरडी निघाली पाहिजे. कढीला दोन वाट्या आंबट ताक, दीड चमचा बेसन, वाटीभर पाणी. पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं सोडायचं नाही, मीठ शेवटी, नाहीतर कढी फुटते. फुनका ताटात कुस्करायचा, त्यावर तेलाची धार, मग कढी. आजारी माणसाला मिरच्या दोन पुरेत. इतकी वर्षं आजारपणात पाचही मिरच्या घालत आला असाल, तर तसंही लिहा. तिला तीच चव हवी असेल.

शिकरणाला कुणी कृती मागतं का, असं वाटेल. मागतं. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं, दूध गार, साखर आधी दुधात विरघळवून घ्यायची, केळं कुस्करायचं नाही, गोल काप करायचे, आणि खायला बसल्यावरच दुधात टाकायचे. आधी करून ठेवलं की काळं पडतं. वेलदोडा घालत असाल तर घाला, माझी आई घालायची नाही.

कळण्याच्या भाकरीचं पीठ मात्र इथून दळून पाठवा. चार वाट्या ज्वारीला वाटीभर सालीसकट उडीद आणि थोडं मीठ, कुणी तिनाला एकही घेतात. मिळाली तर दादर घ्या. दादरची गोडी दुसऱ्या ज्वारीला नाही, आणि उडदाच्या चिकटपणामुळं नवख्या हाताखाली भाकरी कमी फाटते. खापरावरची पुरणपोळी वहीत लिहूच नका. कोपरापर्यंत हातावर फिरवलेली पोळी वाचून येत नसते, ती खायला घरी यायचं असतं.

तेव्हा असं करा, मसाल्याचं पान कोरं सोडा आणि त्यावर नुसतं ‘आखाजीला’ लिहा. खिचडी आज रात्रीच फोनवर पाठवा. तीत लवंगसुद्धा नाही, सासूबाई काही म्हणणार नाहीत.